सुतक नसलेला शोक : ‘मसान’ आणि दुःखानंतरचे प्रेम

घरात मृत्यू झाला की शोकालाही एक चौकट मिळते. सुतक धरले जाते, शेजारीपाजारी जेवण आणून देतात, नातेवाईक भेटायला येतात, दहावा आणि तेरावा होतो. या रूढींवर टीका करण्यासारखे पुष्कळ आहे. तरीही त्यांचे एक काम निर्विवाद आहे : ज्याचे माणूस गेले, त्याला समाज काही दिवस रडण्याची मुभा देतो आणि पुढे हळूहळू त्याला रोजच्या व्यवहारात परत आणतो. परंतु ज्या नात्याची कोणाला माहितीच नाही, किंवा जे नाते मान्यच नाही, त्या नात्यातले माणूस गेले तर? प्रियकर गेलेल्या मुलीला सुतक नसते. प्रेयसी गेलेल्या मुलाला कोणी भेटायला येत नाही.

नीरज घायवान यांचा ‘मसान’ हा हिंदी चित्रपट या प्रश्नाभोवती उभा आहे. २४ जुलै २०१५ रोजी तो भारतात प्रदर्शित झाला. त्याआधी मे महिन्यात कान महोत्सवाच्या ‘अं सर्तेन रिगार’ या विभागात त्याने दोन पुरस्कार मिळवले होते. तरुण प्रेमाची शोकांतिका हा भारतीय पडद्याचा जुना आणि लाडका विषय आहे. बहुतेक चित्रपट मात्र प्रेमिकांच्या मृत्यूपाशी संपतात. ‘मसान’मध्ये मृत्यू लवकर येतो आणि कथा त्यानंतरच्या माणसांची होते. एक दशक उलटल्यावरही या चित्रपटाचा उल्लेख आस्थेने होतो, त्याचे मुख्य कारण हेच आहे.

दोन कथा, एक नदी

चित्रपटाचे नाव मराठी वाचकाला परके वाटू नये. संस्कृतातील ‘श्मशान’ हिंदीत ‘मसान’ झाले, तसे मराठीत ‘मसण’ झाले. ‘मसणवटा’ हा त्याचाच विस्तार. मराठीत हा शब्द बहुधा शिव्याशापांतच उरला आहे. काशीत मात्र मसान हे भर वस्तीतले, रात्रंदिवस चालणारे कामाचे ठिकाण आहे. चित्रपट ते तसेच दाखवतो. गूढ धूर, साधूंच्या जटा, आरतीचा झगमगाट ही काशीची नेहमीची चित्रे येथे दूर ठेवलेली आहेत.

पहिली कथा देवी पाठक या तरुणीची आहे. रिचा चढ्ढा यांनी ही भूमिका केली आहे. पीयूष नावाच्या विद्यार्थ्याबरोबर ती एका हॉटेलच्या खोलीत जाते. तेथे पोलिसांची धाड पडते. निरीक्षक मोबाइलवर तिचे चित्रीकरण करतो, घरी कळवण्याच्या धमक्या देतो. भेदरलेला पीयूष स्वच्छतागृहात स्वतःला कोंडून घेतो आणि मनगटाची शीर कापतो. त्यातच त्याचा अंत होतो. देवीचे वडील विद्याधर पाठक एकेकाळी संस्कृत शिकवत, आता घाटावर लहानसे दुकान चालवतात. संजय मिश्रा यांनी साकारलेल्या या थकलेल्या माणसाकडे निरीक्षक तीन लाख रुपयांची मागणी करतो. पैसे मिळाले नाहीत तर मुलगी आत्महत्येस प्रवृत्त केल्याच्या प्रकरणात अडकेल आणि चित्रफीत जगजाहीर होईल, असा हा व्यवहार आहे.

दुसरी कथा दीपकची आहे. विकी कौशल यांची ही पहिली मोठी भूमिका. दीपक डोम समाजातला. पिढ्यान्‌पिढ्या प्रेते जाळण्याचे काम या समाजाकडे आहे. तो तंत्रनिकेतनात स्थापत्य अभियांत्रिकी शिकतो आणि घरी आला की चितेवरचे काम करतो. शालू गुप्ता या वरच्या जातीतल्या मुलीवर त्याचा जीव जडतो. श्वेता त्रिपाठी यांनी उभी केलेली शालू कविता आणि गझलांत रमणारी आहे. दीपकला त्यातले फारसे काही कळत नाही, पण ऐकायला आवडते. फेसबुकवरची मैत्री, दुर्गापूजेच्या जत्रेतली भेट, आकाशात सोडलेले फुगे असे हे प्रेम वाढते. एकदा घराचा पत्ता विचारल्यावर दीपक संतापाच्या भरात आपली जात आणि आपले काम सांगून मोकळा होतो. काही दिवसांच्या अबोल्यानंतर शालूच त्याला समजावते : आधी चांगली नोकरी मिळव, घरचे ऐकणार नसतील तर मी निघून यायला तयार आहे. त्यानंतर ती कुटुंबाबरोबर तीर्थयात्रेला जाते.

यात्रेकरूंच्या बसला अपघात होतो. प्रेते घाटावर येतात. त्या रात्री कामाला दीपकच असतो. एका प्रेताच्या हातातली अंगठी त्याला ओळखीची वाटते.

अश्रूंचा हक्क कोणाला?

शोकाचा अभ्यास करणारे अमेरिकन संशोधक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथात एक संकल्पना मांडली. मराठीत तिला ‘मान्यता नाकारलेला शोक’ म्हणता येईल. कोणी शोक करावा, कोणासाठी करावा आणि किती काळ करावा, याचे अलिखित नियम प्रत्येक समाजाजवळ असतात. नाते मान्य नसेल, हानीच मोठी मानली जात नसेल, किंवा शोक करणारी व्यक्तीच त्या योग्यतेची समजली जात नसेल, तर तिचे दुःख नियमाबाहेर पडते. दुःख तेवढेच राहते, पण ते बोलून दाखवण्याची जागा राहत नाही.

देवी आणि दीपक या दोघांना ही व्याख्या तंतोतंत लागू पडते. पीयूषच्या मृत्यूनंतर देवीकडे कोणी दुःखी मुलगी म्हणून पाहत नाही. पोलिसांच्या लेखी ती संशयित आहे, वडिलांच्या लेखी ती बेअब्रूचे कारण आहे आणि कामाच्या ठिकाणच्या पुरुषांच्या लेखी ती सहज साध्य होणारी बाई आहे. जिच्या डोळ्यांदेखत प्रियकराने जीव दिला, तिला एकही माणूस ‘तुला कसे वाटते’ असे विचारत नाही. रिचा चढ्ढा यांनी ही भूमिका जवळजवळ अश्रूंविना केली आहे. कोरडा, थोडासा हट्टी चेहरा घेऊन देवी एकामागून एक नोकऱ्या धरते आणि पैसे जमवते. रडण्यासाठीसुद्धा काही सुरक्षितता लागते आणि तिच्याजवळ तीच नाही, हे त्या चेहऱ्यावरून कळते.

दीपकची स्थिती आणखी विलक्षण आहे. शालूच्या अंत्यसंस्कारात तो सर्वांत जवळ उभा आहे, कारण ते त्याचे काम आहे. परंतु त्या चितेशी त्याचा काय संबंध, हे तेथे कोणालाही माहीत नाही. ज्याला तिच्या घराच्या उंबऱ्याआत कदाचित कधीच प्रवेश मिळाला नसता, त्याच्याच हातून तिच्या देहाचा शेवट होतो, आणि तोही केवळ कामगार म्हणून. पुढे एका रात्री घाटावर मित्रांबरोबर दारू पिताना तो बांध फुटून रडतो. हे दुःख संपत का नाही, असा साधा प्रश्न तो विचारतो. मित्रांजवळ उत्तर नसते. ते फक्त बसून राहतात. तिथे कोणीही विधी करत नाही, पण शोकाला पहिल्यांदा साक्षीदार मिळतात. चित्रपटातला हा प्रसंग सर्वाधिक लक्षात राहतो, त्यामागे अभिनयाइतकाच हा आशयही आहे.

हरिश्चंद्राची आठवण

काशीचा मसणवटा, तेथे राबणारा डोम आणि अनपेक्षितपणे समोर आलेले आपल्याच माणसाचे प्रेत, हे चित्र भारतीय प्रेक्षकाने पूर्वी पाहिलेले आहे. राजा हरिश्चंद्राच्या कथेत वचनासाठी राज्य गमावलेला राजा काशीत डोमाचा चाकर होतो. सर्पदंशाने मेलेल्या रोहिदासाचे प्रेत घेऊन तारामती स्मशानात येते, आणि शुल्क दिल्याविना दहन करता येणार नाही, असे तिला सांगणारा माणूस तिचाच पती निघतो. काशीतील दोन प्रमुख दहनघाटांपैकी एक मणिकर्णिका, तर दुसऱ्याला हरिश्चंद्राचेच नाव आहे.

भारतीय चित्रपटाचा आरंभही याच कथेने झाला. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. पहिला मराठी बोलपट म्हणून गणला जाणारा, व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘अयोध्येचा राजा’ १९३२ मध्ये आला; त्याचाही विषय हरिश्चंद्रच होता. म्हणजे मूकपट असो वा मराठी बोलपट, पहिले पाऊल स्मशानाच्या वाटेने पडले आहे.

‘मसान’ या कथेचे नाव घेत नाही. तरीही दोन्ही शेजारी ठेवली की फरक डोळ्यांत भरतो. पुराणकथेत राजाने डोमाची चाकरी करणे ही सत्त्वपरीक्षेची परिसीमा आहे. तेथे डोमाचे जगणे म्हणजे राजावर ओढवलेले संकट. परीक्षा संपताच देव प्रकटतात, मुलगा जिवंत होतो, राजा सिंहासनावर परततो. मसणवट्यात मागे राहिलेल्या डोमाचे पुढे काय झाले, हे कोणी विचारत नाही. घायवान यांचा चित्रपट त्या मागे राहिलेल्या माणसाच्या घरात शिरतो. त्याच्या चुलीजवळ बसतो, त्याच्या मुलाच्या परीक्षेची काळजी वाहतो. येथे देव येत नाहीत आणि मेलेले माणूस उठत नाही. दीपकच्या वडिलांची इच्छा एवढीच आहे की मुलाने या आगीपासून दूर जावे.

मोक्षासाठी डोमाच्या हातचा अग्नी हवा, पण तो हात आपल्या घरातल्या भांड्याला लागू नये, ही विसंगती काशीच्या धर्मव्यवहारात शतकानुशतके मुरलेली आहे. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता संपुष्टात आणली. मनातली उतरंड मात्र कायम राहिली. हैदराबादेत एका मराठी कुटुंबात वाढलेल्या घायवान यांनी आपण दलित असल्याचे पुढे जाहीरपणे सांगितले आहे. ‘मसान’मधला डोमांचा मोहल्ला करुणेचा विषय म्हणून येत नाही, राहत्या माणसांची वस्ती म्हणून येतो, या दृष्टीमागे तो अनुभव असावा, असे मानण्यास जागा आहे.

टळलेला संघर्ष

आंतरजातीय प्रेमाची कथा सुरू झाली की प्रेक्षक पुढच्या पायऱ्या मनाशी मोजू लागतो : घरच्यांना कळणे, मारहाण, पळून जाणे, पाठलाग. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ने २०१६ मध्ये या पायऱ्या एका भीषण शेवटापर्यंत नेल्या, आणि त्यातला अपराधी समाज होता यात शंका उरली नाही. ‘मसान’मध्ये ही पायरी येतच नाही. शालूच्या आईवडिलांना दीपकचे नावसुद्धा कळत नाही. बसचा अपघात जात पाहून होत नाही.

पटकथेची ही निवड धाडसी आहे. जातीमुळे प्रेम तुटले असते की टिकले असते, हे दीपकला आयुष्यभर कळणार नाही. लढून हरलेल्या माणसाजवळ निदान संतापाचा आधार असतो. दीपकजवळ दोष देण्यासाठी कोणी नाही. शालूच्या तोंडचे पळून येण्याचे आश्वासन खरे ठरले असते का, हा प्रश्नही चितेबरोबर जळून जातो. तरुण वयातल्या मृत्यूचे हे एक खास क्रौर्य असते : माणसाबरोबर त्याचे पुढचे सगळे निर्णयही जातात.

देवीच्या कथेत उलट परिस्थिती आहे. तेथे अपघात कोणताच नाही. सर्व काही माणसांनी, पदाचा वापर करून घडवलेले आहे. दोन सज्ञान व्यक्तींनी संमतीने एका खोलीत असणे हा भारतात गुन्हा नाही. अविवाहित जोडप्याने हॉटेलच्या खोलीत राहणे हा अपराध ठरत नाही, असे मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये एका निकालात स्पष्ट केले. आत्महत्येस प्रवृत्त करणे हा मात्र गंभीर गुन्हा आहे. चित्रपटाच्या काळात तो भारतीय दंडसंहितेच्या कलम ३०६ खाली येई. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १०८ लागू आहे. शिक्षा दहा वर्षांपर्यंतच्या कारावासाची. चित्रपटातला निरीक्षक या दोन गोष्टींमधल्या अंधारात आपला धंदा करतो. पीयूषच्या मनात भीती त्याने घातली, आणि त्या भीतीतून झालेल्या मृत्यूचे बिल तो देवीच्या नावावर फाडतो. कायदा काय सांगतो हे पाठकांना माहीत नाही असे नव्हे. लोक काय म्हणतील ही भीती त्या माहितीपेक्षा बलवान ठरते. मोबाइलमधली चित्रफीत हे त्या भीतीचे आजचे हत्यार आहे, आणि २०१५ नंतर ते अधिकच धारदार झाले आहे.

अंगठीचा प्रवास

दोन्ही कथा चित्रपटभर समांतर चालतात. त्यांना जोडणारा धागा म्हणजे शालूची अंगठी. दीपक ती प्रेताच्या हातातून काढून स्वतःजवळ ठेवतो. दुःखाच्या एका तिरीमिरीत तो ती गंगेत फेकतो, आणि पुढच्याच क्षणी ती शोधण्यासाठी पाण्यात उडी घेतो. अंगठी त्याला सापडत नाही.

घाटावर आणखी एक खेळ चालू असतो. लहान मुले पाण्यात बुडी मारून नाणी काढतात आणि मोठी माणसे त्यांच्यावर पैसे लावतात. विद्याधर पाठकांच्या दुकानात काम करणारा झोंटा हा अनाथ पोरगा या बुड्या मारण्यात तरबेज आहे. लाचेच्या हप्त्यांनी गांजलेले पाठक, इतके दिवस नकार देऊन, अखेर त्याच्यावर पैसे लावतात. झोंटा पाण्याखाली बराच वेळ राहतो, बेशुद्ध होतो, मरता मरता वाचतो. त्या बुडीत त्याच्या हाती लागलेली अंगठी तो पाठकांना देतो आणि ती विकून निरीक्षकाचे उरलेले देणे फिटते.

कोणाला हा योगायोग जास्तच जुळवून आणलेला वाटू शकेल. परंतु त्याचा अर्थ नीट पाहण्यासारखा आहे. दीपकच्या मेलेल्या प्रेमाने देवीची सुटका केली, आणि हे त्या दोघांपैकी कोणालाही कधीच कळत नाही. प्रेक्षकाला तेवढे माहीत असते. समाजाने दोघांच्या शोकाची नोंद घेतली नाही, पण नदीने एकाची हानी दुसऱ्याच्या उपयोगी आणली. भोगलेल्या दुःखाचे फळ मिळते असा दिलासा चित्रपट देत नाही. एका माणसाचे दुःख दुसऱ्या, अनोळखी माणसाच्या आयुष्यात कोठे जाऊन पोचेल याचा नेम नसतो, एवढेच तो दाखवतो.

वडील आणि मुलगी यांच्यातला ताणही याच टप्प्यावर सैल होतो. झोंटाच्या अंथरुणाशी बसलेले पाठक आपल्या भित्रेपणाकडे पहिल्यांदा सरळ पाहतात. मुलीच्या अब्रूसाठी आपण दुसऱ्याचे मूल पणाला लावले, ही जाणीव त्यांना आतून हलवते.

परवडणारा आणि परवडवलेला चित्रपट

‘स्वतंत्र चित्रपट’ ही संज्ञा सैलपणे वापरली जाते. नामांकित तारे, मोठा स्टुडिओ आणि ठरीव साचा यांच्या बाहेर, लहान खर्चात आणि दिग्दर्शकाच्या दृष्टीला प्राधान्य देऊन केलेला चित्रपट, असा तिचा साधारण अर्थ. अशा चित्रपटाला पैसा एका ठिकाणाहून मिळत नाही. तो जागोजागी गोळा करावा लागतो. ‘मसान’च्या निर्मात्यांची यादी याचे उत्तम उदाहरण आहे. मनीष मुंद्रा यांची दृश्यम फिल्म्स, फँटम फिल्म्स, गुनीत मोंगा यांची सिख्या एंटरटेन्मेंट या भारतीय संस्थांबरोबर मकासार प्रॉडक्शन्स, आर्ते फ्रान्स सिनेमा आणि पाथे या फ्रान्समधील संस्था त्यात होत्या. त्याआधी, २०१४ मध्ये, पटकथेला अमेरिकेतील सन्डान्स इन्स्टिट्यूटचा जागतिक पातळीवरील पुरस्कार मिळाला होता. कागदावरच्या कथेला असा पुरस्कार मिळाला की परदेशी सहनिर्मात्यांची दारे उघडणे सोपे जाते.

गोव्याच्या वाचकांना ही प्रक्रिया अगदीच अपरिचित नाही. २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत भरतो आणि २००७ पासून त्याच्या जोडीने राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा ‘फिल्म बाजार’ भरू लागला. नवे दिग्दर्शक तेथे आपल्या अपुऱ्या पटकथा आणि अर्धवट चित्रपट घेऊन देशोदेशीच्या निर्मात्यांना भेटतात. सिख्याचाच सहभाग असलेला ‘द लंचबॉक्स’ याच बाजारातल्या पटकथा कार्यशाळेतून पुढे गेला होता.

घायवान यांचा स्वतःचा मार्गही आडवळणाचा होता. अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाचे शिक्षण, काही वर्षांची नोकरी आणि मग चित्रपट. अनुराग कश्यप यांच्या ‘गँग्ज ऑफ वासेपूर’वर त्यांनी साहाय्यक म्हणून काम केले, त्याच चित्रपटावर विकी कौशलही साहाय्यक होते. ‘मसान’चे लेखन वरुण ग्रोव्हर यांचे. छायाचित्रण पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या अविनाश अरुण यांचे, ज्यांनी दिग्दर्शित केलेला ‘किल्ला’ हा मराठी चित्रपट ‘मसान’च्या महिनाभर आधी, जून २०१५ मध्ये प्रदर्शित झाला. ‘किल्ला’तला मुलगा वडिलांच्या मृत्यूनंतर आईबरोबर कोकणात येतो, पाऊस, समुद्र आणि एकटेपणा यांतून तो सावरतो. मृत्यूनंतर पाण्याच्या काठाने सावरत जाणारी माणसे अविनाश अरुण यांच्या कॅमेऱ्याने एकाच वर्षी दोन भाषांत दाखवली, असे म्हणता येईल.

संगीत ‘इंडियन ओशन’ या वाद्यवृंदाचे आहे. त्यातले एक प्रेमगीत वरुण ग्रोव्हर यांनी हिंदी कवी दुष्यंतकुमार यांच्या एका शेरावरून पुढे रचले. त्यात प्रेयसी धडधडत जाणाऱ्या आगगाडीसारखी आणि प्रियकर थरथरणाऱ्या पुलासारखा आहे. चित्रपटात आगगाडी पुन्हा पुन्हा येते. देवीला तिकीटखिडकीवर काम मिळते तेथे पंकज त्रिपाठी यांनी रंगवलेला साध्या मनाचा सहकारी तिला सांगतो की या स्थानकावर थांबणाऱ्या गाड्यांपेक्षा न थांबणाऱ्याच जास्त आहेत. लहान शहरात अडकलेल्या मुलीला यातला अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

कानमध्ये ‘मसान’ला आंतरराष्ट्रीय समीक्षक संघटनेचा, म्हणजे फिप्रेस्कीचा पुरस्कार मिळाला. आश्वासक नवोदितांसाठीचा पुरस्कार इराणच्या ‘नाहीद’ या चित्रपटाबरोबर विभागून मिळाला. ६३ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत घायवान यांना दिग्दर्शकाच्या पदार्पणासाठीचा इंदिरा गांधी पुरस्कार देण्यात आला. पुढे ‘गीली पुच्ची’ (२०२१) या लघुकथापटात आणि ‘होमबाउंड’ (२०२५) या दुसऱ्या पूर्ण लांबीच्या चित्रपटातही जात, मैत्री आणि नाकारले गेलेले प्रेम हेच त्यांचे क्षेत्र राहिले. ‘होमबाउंड’ही कानच्या त्याच विभागात दाखवला गेला आणि ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका ठरला.

संगमावर

शेवटच्या भागात दोघेही काशी सोडतात. दीपकला नोकरी मिळते आणि तो अलाहाबादला येतो. तीन वर्षांनंतर, २०१८ मध्ये, हे शहर प्रयागराज झाले. देवीही शिक्षणासाठी तेथेच येते. तिला एक काम करायचे असते : पीयूषच्या आईवडिलांना भेटणे. ती त्यांच्या घरात जाते, तेव्हा कॅमेरा तिच्यामागे आत शिरत नाही. आत काय झाले ते केवळ आवाजांवरून कळते. ती भेट तिला क्षमा देत नाही. परंतु पीयूषशी आपले नाते होते, हे ती पहिल्यांदा उघडपणे सांगते. तिला न मिळालेला दुखवटा ती अशा रीतीने स्वतःच जाऊन पुरा करते.

नंतर ती नदीकाठी येते आणि पीयूषने दिलेली भेटवस्तू पाण्यात सोडते. काठावर बसलेला एक अनोळखी तरुण तिला रडताना पाहतो आणि आपल्याजवळची पाण्याची बाटली पुढे करतो. तो दीपक असतो. नावाडी संगमावर जाणाऱ्यांना हाक मारतो. दोघेही त्याच नावेत बसतात. थोडे बोलणे सुरू होते आणि चित्रपट संपतो.

पुढे त्यांचे प्रेम जमले का, याचे उत्तर चित्रपट देत नाही, आणि ते न देण्यातच त्याचा प्रामाणिकपणा आहे. शोकाच्या कथांत दुसरे प्रेम पुष्कळदा औषधासारखे वापरले जाते. गेलेल्याची जागा नव्याने भरली की प्रेक्षक निश्चिंत मनाने घरी जातो. येथे शालूची आणि पीयूषची जागा कोणी घेत नाही. दोन माणसे एकमेकांचे दुःख जाणत नाहीत, पण ते दुःख आहे एवढे ओळखतात. एकाने दुसऱ्याला पाणी दिले, एवढीच घटना.

दुखवट्याला येणारा शेजारीही याहून फार काही करत नाही. तो येतो, थोडा वेळ बसतो, पाणी विचारतो. देवी आणि दीपक यांच्याकडे असा शेजारी कधी आला नव्हता. आता नावेत तो प्रत्येकाच्या समोर बसलेला आहे. लपवून ठेवावे लागलेले प्रेम आणि मोकळेपणी न करता आलेला शोक प्रत्येक गावात, प्रत्येक जातीत आणि प्रत्येक धर्मात आहे. त्याची नोंद कोठेही होत नाही. अशा माणसांना उपदेश नको असतो, चौकशी तर नकोच नको. कोणीतरी शेजारी बसावे, एवढे त्यांना पुरते. हे सांगण्यासाठी ‘मसान’ने जवळजवळ पावणेदोन तास घेतले आणि एकही भाषण केले नाही.